गाडीचा एसी लागतच नाही, कॉम्प्रेसर पकडत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला इतक्या वेळा आलेत की शेवटी एकदाच लिहून काढले. बहुतेक मेसेजचा शेवट "गॅस संपला असेल का?" असाच असतो, आणि अर्ध्या लोकांनी तोवर एकदा गॅस भरूनही घेतलेला असतो. आधीच सांगतो, कॉम्प्रेसरचा क्लच पकडायचा तर चार-पाच जणांचा होकार लागतो, गॅस हा त्यातला फक्त एक. कोण नाही म्हणतंय ते शोधायचं, मग खर्च करायचा.

१. बटणाची लाईट लागते, हवा पण येते, मग एसी लागत नाही म्हणजे नेमकं काय लागत नाही?

लाईट लागली म्हणजे तुम्ही एसी मागितलाय एवढंच. हवा ब्लोअर देतो, त्याचा थंडाव्याशी संबंध नाही. थंड करायचं काम कॉम्प्रेसरचं, आणि तो बेल्टवर चालतो. बेल्टवरची पुली इंजिन चालू असेपर्यंत कायम फिरत असते पण कॉम्प्रेसरचा शाफ्ट फिरत नाही, कारण पुली आणि शाफ्ट यांच्या मध्ये क्लच आहे. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिला १२ व्होल्ट मिळाले की ती लोहचुंबक होते आणि पुढची लोखंडी प्लेट पुलीवर ओढून घेते, खट्‌कन आवाज येतो आणि शाफ्ट फिरायला लागतो. हा खट्‌ होत नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

२. क्लच पकडतोय की नाही हे मी कसं ओळखू? मला गाडीतलं काही कळत नाही.

बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, कोणाला तरी आत बसवून एसी चालू-बंद करायला सांगा, टेम्परेचर एकदम थंडवर आणि ब्लोअर मध्यम. तुम्ही लांबूनच कॉम्प्रेसरच्या पुलीच्या तोंडाकडे बघायचं, टॉर्च मारून. बाहेरची पुली फिरतेय पण मधली प्लेट गप्प उभी आहे म्हणजे पकडत नाही. प्लेट पण फिरतेय म्हणजे पकडलाय, तुमचा प्रॉब्लेम दुसरा आहे. पकडताना इंजिनचा आवाज पण जरा बदलतो. बाही, ओढणी, मोकळे केस, गळ्यातली चेन, काहीही बेल्टच्या जवळ नको, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे लक्षात ठेवा.

पकडून लगेच सोडत असेल तर प्रश्न ११ वाचा. मधली प्लेट वेगळी दिसतच नसेल तर प्रश्न १४.

३. हातात फक्त पाना-पकड आहे. सगळ्यात आधी काय बघू?

ब्लोअर. हसू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये ब्लोअरचा स्विच चालू असल्याशिवाय एसीची मागणी पुढे जातच नाही, ब्लोअर बिघडला की कॉम्प्रेसर पण बंद. हवा येतेय ना? मग फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, एसीचा फ्यूज काढून उजेडात धरा. काही गाड्यांना दोन असतात, एक केबिनमध्ये आणि एक बॉनेटखाली.

मग रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा छोटा स्विच. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका सीझनमध्ये दोनदा एका गॅरेजने माझ्या गाडीचा गॅस काढून परत भरला, दोन्ही वेळा येताना थंड आणि चार दिवसांनी परत गरम. तिसऱ्यांदा जायच्या आधी सहज म्हणून शेजारचा हॉर्नचा रिले एसीच्या जागी खोचला, आणि खट्‌! एसी सुरू, आणि हॉर्न मुका. रिलेचे आतले पॉइंट जळले होते, हादऱ्याने कधी टेकायचे कधी नाही. अशी अदलाबदल करताना दोन्ही रिलेवरचा नंबर आणि पिनांची रचना सारखी आहे ना ते मात्र बघा, आकार सारखा म्हणून आत पण सारखंच असतं असं नाही.

शेवटी कॉम्प्रेसरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग. इंजिन बंद करून काढा, आत हिरवं-पांढरं साचलंय का, वायर उंदराने कुरतडलीय का बघा. उंदरांना ही वायर का आवडते कुणास ठाऊक.

४. फ्यूज टाकला की लगेच उडतो. जरा मोठा टाकू का?

नाही. त्या ठिकाणी १० अँपिअरचा लिहिलाय तर १० चाच. मोठा टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते.

कॉइलचा कपलर काढून ठेवा आणि नवीन फ्यूज टाकून एसी लावा. आता फ्यूज टिकला तर कॉइलच शॉर्ट आहे, तरी उडाला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय. कॉइल मल्टीमीटरने मोजता येते, चांगली कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते म्हणजे १२ व्होल्टवर अडीच ते चार अँपिअर ओढते. मीटर १ ओहमच्या आसपास दाखवत असेल तर ती १२ अँपिअर ओढणार, मग फ्यूज बिचारा काय करणार. आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल आतून तुटलीय, तेव्हा फ्यूज उडत नाही पण क्लच पण पकडत नाही. काही कॉम्प्रेसरमध्ये कॉइलबरोबर एक उष्णतेने तुटणारा प्रोटेक्टर बसवलेला असतो, तो गेला तरी मीटरवर असंच दिसतं.

५. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर लागत नाही हे खरंय ना? मग सरळ गॅसच भरून घेतो.

खरंय, पण अर्धंच. लाईनवर प्रेशर स्विच किंवा सेन्सर असतो, प्रेशर साधारण २ बारच्या खाली गेलं की तो कॉम्प्रेसर लागू देत नाही. हा त्रास द्यायला नाही ठेवलेला. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि तेलाशिवाय कॉम्प्रेसर स्वतःलाच खातो.

पण गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टीम बंद असते. कमी झालाय म्हणजे कुठूनतरी गेलाय, रबरी पाइप आणि सीलमधून अगदी थोडा वर्षानुवर्षं झिरपतो तेवढा सोडला तर. कंडेन्सरला (रेडिएटरपुढची एसीची जाळी) दगड लागणं, जॉइंटचे ओ-रिंग कडक होणं, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील, सर्व्हिस व्हॉल्व्हचा तो सायकलच्या व्हॉल्व्हसारखा पिन, या नेहमीच्या जागा. लीकच्या जागी तेलकट काळी धूळ चिकटते, डोळ्यांनी पण सापडते कधी कधी. नाहीतर नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी, किंवा अल्ट्राव्हायोलेट डाय. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

६. गेज लावून बघितला, गाडी बंद असताना प्रेशर बरोबर आहे. म्हणजे गॅस फुल ना?

नाही! इथे अनुभवी माणसं पण फसतात. बंद सिस्टीममध्ये गॅस थोडा द्रवरूप असतो आणि जोवर आत थोडासा जरी द्रव आहे तोवर प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, किती गॅस आहे त्यावर नाही. गाडीतला गॅस आर-१३४ए जातीचा असेल तर २० अंशाला साधारण ६८ पीएसआय, ३० अंशाला साधारण ९७. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच, अर्धा असो की भरलेला, प्रेशर तेवढंच. त्यामुळे बंद गाडीतल्या प्रेशरवरून "गॅस आहे" एवढंच कळतं. आणि आपल्या कामाला तेवढं पुरतं, कारण तापमानाला साजेसं प्रेशर आहे आणि तरी क्लच पकडत नाही म्हणजे आत्ता अडवणारा गॅस नाही, विजेची बाजू बघायची.

किती आहे हे एकाच प्रकारे खात्रीने कळतं, सगळा मशीनने काढून वजन करायचं. बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो, लहान गाड्यांना बहुतेक ४०० ते ६०० च्या मध्ये.

७. प्रेशर स्विचच्या दोन वायरी एकमेकांना जोडून बघ असं मित्राने सांगितलं. करू का?

आधी पिना मोजा. दोन पिनांचा साधा स्विच असेल आणि प्रश्न ६ प्रमाणे गॅस आहे याची खात्री असेल तर पाच-दहा सेकंदांसाठी जोडून बघता येतं, क्लच पकडला तर स्विच खराब. जोडून तसंच गाडी चालवायची नाही, तो स्विच कॉम्प्रेसर वाचवायला आहे. तीन पिनांचा असेल तर तो बहुतेक वेळा सेन्सर असतो, त्याला ५ व्होल्ट जातात आणि तो प्रेशरप्रमाणे कमी-जास्त व्होल्टेज परत पाठवतो. त्याच्या वायरी जोडल्या तर ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा, ५ व्होल्टचा सप्लाय शॉर्ट होतो आणि एसीचं राहिलं बाजूला, गाडीच लंगडायला लागते. चार पिनांचा असेल तर आत दोन स्विच असतात, एक कॉम्प्रेसरचा आणि एक पंख्याचा, नकाशा बघितल्याशिवाय हात लावू नका.

८. कॉम्प्रेसरला डायरेक्ट बॅटरीची वायर दिली तर चालेल?

चालेल, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच सगळ्यात कामाची, कारण दोन मिनिटांत अर्धी गाडी बाद होते. इंजिन बंद, कॉइलचा कपलर काढलेला. बॅटरीच्या प्लसपासून १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून वायर आणा आणि कॉइलच्या पिनला दोन-तीन सेकंद टेकवा. कॉइलला एकच वायर असेल तर अर्थिंग बॉडीतून मिळतं, दोन असतील तर दुसरी बॅटरीच्या मायनसला द्या, आणि आत डायोड असू शकतो म्हणून प्लस-मायनस उलटं करू नका.

खट्‌ झालं तर कॉइल आणि क्लच ठीक, चूक पाठीमागे: फ्यूज, रिले, स्विच, सेन्सर, ईसीयू. नाही झालं तर चूक इथेच: कॉइल, अर्थिंग किंवा गॅप (प्रश्न ९). इंजिन चालू ठेवून, गॅसची खात्री नसताना डायरेक्ट देऊन ठेवायचं नाही, कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

९. सकाळी मस्त लागतो. अर्ध्या-पाऊण तासाने सुटतो आणि गाडी गार झाल्याशिवाय परत पकडत नाही. गॅरेजला नेलं की हमखास चालू असतो!

यावर मी पैज लावेन, गॅप. प्लेट आणि पुली यांच्यात क्लच सुटलेला असताना बारीक फट असते, बऱ्याच कॉम्प्रेसरला ०.३ ते ०.६ मिमीच्या आसपास. रोज शेकडो वेळा पकड-सोड करून दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट वाढत जाते. चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने कमी होते. त्यात बॉनेटखालची गरमी. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, २० अंशावरून १०० वर गेलं की जवळपास ३० टक्के जास्त, म्हणजे थंड असताना ४ अँपिअर घेणारी कॉइल तापल्यावर ३ च्या आसपास घेते. सकाळी ४ मध्ये कशीबशी ओढली जाणारी प्लेट दुपारी ३ मध्ये येत नाही, एवढीच गोष्ट. गॅरेजपर्यंत जाऊन, लाइनीत थांबून, बॉनेट उघडेपर्यंत कॉइल गार झालेली असते आणि मेकॅनिक तुमच्याकडे संशयाने बघतो.

पकडायचं ते तापल्यावरच. एसी सुटला की इंजिन बंद करा, प्रश्न ८ सारखी डायरेक्ट वायर द्या, आणि प्लेट आली नाही तर लाकडी काठीने ती पुलीकडे ढकला. ढकलल्यावर खट्‌कन चिकटून राहिली तर निदान झालं. हे इंजिन चालू असताना करायचा मोह आवरा.

इलाज स्वस्त आहे. मधला बोल्ट काढला की प्लेट बाहेर येते, आत शाफ्टवर शिम म्हणजे पातळ वायसर असतात, त्यातला एक काढला किंवा पातळ घातला की फट कमी होते. फीलर गेजने तीन ठिकाणी मोजायची. सगळीकडून सारखी हवी, आणि तुमच्या कॉम्प्रेसरच्या आकड्यात बसली पाहिजे. फार कमी केली तर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते, करपल्याचा वास येतो आणि मग खरंच क्लच बदलावा लागतो. गॅस काढायला लागत नाही, कुठलाही पाइप उघडायला लागत नाही. तरी याच तक्रारीवर अख्खे कॉम्प्रेसर बदललेले मी बघितलेत.

१०. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की सुटतो, गाडी पळायला लागली की आपोआप परत लागतो. हा पण गॅपच का?

नाही, हा पंखा. गाडी पळत असताना कंडेन्सरला वारा मिळतो, उभी असताना पंख्याने तो द्यायचा असतो. पंखा फिरत नसेल किंवा रेंगाळत असेल तर प्रेशर चढत जातं, आणि साधारण ३० बारच्या आसपास स्विच कॉम्प्रेसर तोडतो. कंडेन्सर चिखल-किड्यांनी बुजला असेल किंवा कोणी गॅस जास्त भरला असेल तरी हेच होतं. एसी लावून पंखा बघा, मग कंडेन्सर पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशर जवळून मारू नका, त्याच्या पत्र्या कागदासारख्या वाकतात.

११. लागतो पण दर पाच-दहा सेकंदांनी खट्‌-खट्‌ करत पकडतो-सोडतो.

गॅस कमी असल्याची ही नेहमीची खूण. कॉम्प्रेसर सुरू झाला की लो साइडचं (कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो ती बाजू) प्रेशर खाली ओढलं जातं, स्विच तोडतो, प्रेशर परत चढतं, स्विच जोडतो, असा खेळ. प्रेशर खरंच ठीक असेल तर कूलिंग कॉइलजवळचा (डॅशबोर्डमागची हवा गार करणारी जाळी, क्लचची कॉइल नव्हे) तापमानाचा सेन्सर बघा. थंडाव्याच्या दिवसात किंवा केबिन गार झाल्यावर अधूनमधून सुटणं मात्र नॉर्मल आहे, कूलिंग कॉइलवर बर्फ जमू नये म्हणून गाडी मुद्दाम सोडते.

१२. गॅस बरोबर, फ्यूज-रिले बरोबर, डायरेक्ट दिलं की खट्‌ होतं. पण गाडी स्वतःहून कॉइलला करंटच देत नाही.

मग ईसीयू नाही म्हणतोय, आणि त्याच्याकडे कारण असतं. इंजिन जास्त तापलंय, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, बॅटरीचं व्होल्टेज पडलंय, किंवा कूलिंग कॉइलचा सेन्सर तुटलाय. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो, म्हणून त्याची वायर तुटली की गाडीला वाटतं कूलिंग कॉइल बर्फासारखी गार आहे, कशाला अजून थंड करायचं! काही गाड्यांमध्ये कॉम्प्रेसरचा वेग मोजणारा सेन्सरही असतो, बेल्ट घसरला किंवा कॉम्प्रेसर जाम झाला असं वाटलं की दोन-तीन सेकंदांत क्लच सोडून देतो आणि एसीची लाईट मिचकावतो.

इथे अंदाज बंद, स्कॅनर लावा. लाइव्ह डेटात चार आकडे बघायचे: एसीची मागणी पोचली का, प्रेशर किती दिसतंय, कूलिंग कॉइलचं तापमान किती, आणि क्लचला हुकूम गेला का. भर उन्हात कूलिंग कॉइल उणे ४० दाखवत असेल तर चोर सापडला. हुकूम गेलाय पण करंट नाही तर परत रिले आणि वायरिंग.

१३. पुढचा बंपर बदलल्यापासून एसी बंद आहे, काही संबंध आहे का? आणि थंडीत पण लागत नाही.

दोन्हीचं उत्तर एकच. बाहेरच्या हवेचा सेन्सर बऱ्याच गाड्यांमध्ये बंपरच्या मागे असतो. काम करताना त्याचा कपलर लावायचा राहिला की गाडी समजते बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि एसी लावत नाही. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान उणे किंवा नुसत्या रेघा दिसतात का बघा.

खऱ्या थंडीत न लागणं हा बिघाड नाही. शून्य अंशाला आर-१३४ए चं बंद प्रेशरच जेमतेम २८ पीएसआय (सुमारे २ बार) असतं, म्हणजे गॅस पुरेसा असूनही लो प्रेशरच्या मर्यादेवर. म्हणून एसीची तपासणी गरम दिवशीच करावी.

१४. माझ्या कॉम्प्रेसरला क्लचच दिसत नाही. मग हे सगळं लागू होतं का?

फ्यूज, गॅस, सेन्सर हे सगळं लागू, खट्‌ आणि गॅप नाही. या कॉम्प्रेसरचा शाफ्ट कायम फिरतो आणि आतला पिस्टन किती सरकवायचा हे एक इलेक्ट्रिक कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. तो व्हॉल्व्ह अडकला की पुली फिरते पण थंडावा शून्य. बऱ्याच कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह वेगळा बदलता येतो, मात्र त्याला गॅस काढावा लागतो. आणि मधला भाग पुलीबरोबर फिरत नसेल तर आतला शिअर डिस्क तुटलेला असू शकतो. कॉम्प्रेसर जाम झाला की बेल्ट वाचवायला तो मुद्दाम तुटतो, म्हणून नुसता डिस्क बदलून भागत नाही.

१५. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

हात लावू नका. कॉम्प्रेसरला बेल्ट नसतो, त्यात स्वतःची मोटर असते आणि ती केशरी केबलच्या शेकडो व्होल्टवर चालते. तेल पण वेगळं लागतं, नेहमीचं तेल गेलं तर इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी स्टार्टच व्हायला नकार देऊ शकते. ज्याला हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग आहे त्याच्याकडेच न्या.

१६. उलटा प्रॉब्लेम आहे, एसी बंद केला तरी क्लच सुटत नाही.

रिलेचे पॉइंट आत चिकटलेत, बहुतेक वेळा. रिले काढला की सुटला तर रिलेच. रिले काढूनही प्लेट फिरत राहिली तर गॅप उरलेला नाही किंवा पुलीचं बेअरिंग गेलंय, तेव्हा गाडी फार पळवू नका, बेल्ट जाईल. समोरच्या काचेचा डिफ्रॉस्ट मोड चालू नाही ना हे आधी बघा, त्यात बऱ्याच गाड्या स्वतःहून एसी लावतात.

१७. लीक बंद करणारं औषध किंवा दुसरा कुठला गॅस टाकला तर?

औषध नको. ते व्हॉल्व्हमध्ये आणि गॅरेजच्या मशीनमध्ये पण गोठतं, मग कोणी गाडी हातात घेत नाही. गॅस स्टिकरवर लिहिलाय तोच. आधीचा गॅस आर-१२ ओझोनचा थर खातो म्हणून गेला, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर, मग आर-१३४ए आला. युरोपात २०१७ पासून नव्या कारना तो पण चालत नाही, म्हणून तिथल्या बहुतेक नवीन गाड्यांमध्ये आर-१२३४वायएफ असतो. तो हलकासा ज्वलनशील आहे आणि त्याचे नोझल मुद्दाम वेगळे ठेवलेत, अडॅप्टर लावून जुना गॅस घुसवू नका. स्वयंपाकाचा गॅस भरणारे पण आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं, कूलिंग कॉइल केबिनमध्येच असते, ती फुटली की गॅस तुमच्या मांडीवर.

१८. मेकॅनिक म्हणतो अख्खा कॉम्प्रेसर बदला. खरं कसं ओळखू?

इंजिन बंद करून मधली प्लेट हाताने फिरवून बघा. थोड्या जोराने पण सारखी फिरली तर आतून जाम नाही, आणि क्लच, कॉइल, बेअरिंग हे बऱ्याच कॉम्प्रेसरला सुटे मिळतात. अजिबात हलत नसेल, किंवा उघडलेल्या पाइपमधून करड्या चकचकीत कणांचं तेल येत असेल, तर मेकॅनिक बरोबर आहे, आणि मग कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं पण बोलून घ्या, ते कण तिथे गेलेले असतात आणि नवीन कॉम्प्रेसर पण तसाच मरतो. सिस्टीम उघडली की ड्रायर नवीन, आणि भरण्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम.

१९. गॅरेजला नेताना काय सांगू म्हणजे परत "गॅस भरा" वर येणार नाहीत?

"एसी चालत नाही" एवढंच सांगू नका. कधी सुटतो ते सांगा: गार असताना की तापल्यावर, उभं असताना की पळताना, आणि डायरेक्ट दिल्यावर खट्‌ झालं की नाही. गॅस काढलाच तर किती ग्रॅम निघाला ते मशीनच्या स्क्रीनवरून फोटो काढून ठेवा. स्टिकरवर ४५० लिहिलंय आणि निघाला ४४०, तर गॅस कमी नव्हता, तोच परत भरा आणि रिले बघा म्हणावं.